बहावा: पाण्यावाचून जगण्याची ताकद झाडात येते कुठून?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने झाड लावण्यावर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. उत्तर सोपं आहे. ‘हे झाड दुष्काळ सोसतं’ या चार शब्दांच्या वाक्यात एक जुनं तात्त्विक कोडं दडलेलं आहे, आणि ते न सुटल्यामुळे दरवर्षी असंख्य रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात मरतात. म्हणून आज बहाव्याविषयी बोलू, आणि बोलता बोलता त्या कोड्याकडेही वळू.

बहावा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. एप्रिल-मे महिन्यात, आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना, हातभर लांब पिवळे घोस लोंबत असतात तो. संस्कृतात आरग्वध. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या तिसऱ्या अध्यायाचं नावच ‘आरग्वधीय’ आहे. केरळात विषूच्या सणाला पहाटे डोळे उघडल्यावर जे मंगल दर्शन घ्यायचं असतं, त्यात याची फुलं हवीतच. झाड आपलं इथलंच आहे. सातपुड्यात, विदर्भात, सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात कोणी न लावता वाढतं. गुलमोहर मादागास्करहून आला, पर्जन्यवृक्ष अमेरिकेतून. पाहुणे म्हणून आमचं त्यांच्याशी वैर नाही. पण घराच्या कुंपणापासून दहा-बारा फुटांवर लावायचं असेल तर वादळात फांदी टाकणाऱ्या पसरट गुलमोहरापेक्षा बहावा बरा, एवढं आम्ही नि:शंकपणे सांगू. उंची साधारण 10 ते 15 मीटर, पसारा आटोपशीर.

आता कोड्याकडे येऊ. काच ठिसूळ आहे असं आपण म्हणतो तेव्हा ती फुटलेली नसते. ठिसूळपणा हा रंगासारखा डोळ्यांना दिसणारा गुण नव्हे. ‘आघात झाला तर फुटेल’ असं ते एक ‘जर-तर’चं विधान आहे. गिल्बर्ट राइल यांनी 1949 सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात अशा गुणांचा पुष्कळ ऊहापोह केला. आपल्याकडे हा वाद त्याच्या किती तरी आधीचा. कोठारातलं बी आणि शेतातलं बी यांत फरक काय? कोठारातल्या बियाला अंकुर फुटत नाही. मग त्याच्यात अंकुराचं सामर्थ्य आहे म्हणायचं की नाही? बौद्ध क्षणभंगवादी म्हणाले, अंकुर देणारं बी निराळंच; समर्थ असतं तर थांबलं नसतं. उदयनाचार्यांसारखे नैयायिक म्हणाले, बी तेच आहे, फक्त माती, पाणी, ऊब हे सहकारी जमलेले नाहीत.

गंमत अशी की बहाव्याचं बी हे या वादाचं चालतंबोलतं उदाहरण आहे. त्याचं कवच इतकं टणक की पाण्यात टाका, मातीत टाका, महिनोन्महिने ढिम्म हलत नाही. रानात कोल्हे, माकडं शेंगेतला काळा चिकट गर खातात, बी त्यांच्या पोटातून जातं, कवच झिजतं. घरी ते काम आपण करायचं. चांगली वाळलेली काळी शेंग फोडावी. आतून आडव्या पडद्यांचे कप्पे असतात, एकेका कप्प्यात एकेक चपटं तपकिरी बी. धुऊन घ्यावं आणि काचकागदावर एका बाजूने घासावं. टोकाशी, जिथे बी शेंगेला चिकटलेलं असतं, तिथे घासू नये, कारण अंकुर त्या अंगाला असतो. तपकिरी कवचाखालचा फिकट भाग दिसला की पुरे. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जी टम्म फुगलेली असतील ती पेरायची, न फुगलेली पुन्हा घासायची. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो. हे करून पाहिलं की नैयायिकांच्या बाजूने कौल द्यावासा वाटतो, असं आमचं मत. बी तेच होतं, काल आणि आज. फक्त पाणी आत जायला वाट नव्हती.

आता ‘दुष्काळ सोसतो’ हा गुण घ्या. तो कोणाचा गुण? नर्सरीतल्या काळ्या पिशवीतल्या फूटभर रोपाचा? नाही हो! तो त्या झाडाचा, ज्याचं सोटमूळ खोल गेलेलं आहे. रोपात तो असलाच तर कोठारातल्या बियात अंकुर असतो तसा. त्याला सहकारी जमवून द्यावे लागतात, आणि त्यांतला पहिला सहकारी म्हणजे पाणी. हे ऐकायला उलटं वाटतं खरं. पाण्यावाचून जगायला शिकायचं तर आधी पाणी लागतं.

आमच्या मते खरी गफलत इथे होते. जुलैत वृक्षारोपणाचा समारंभ, फोटो, भाषण. ‘देशी झाड आहे, त्याला पाणी लागत नाही’ असं कोणीतरी म्हणतं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. पहिला उन्हाळा रोप कसंबसं काढतं. दुसऱ्या एप्रिलमध्ये काठी उरते. सोलापूरकडे, जिथे वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस आणि तोही चार महिन्यांत, तिथे आठ महिने कोरडे जातात. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या वसाहतीत हिरवळीला रोज फवारा आणि रोपाला ‘सहनशील’ म्हणून शून्य, असा हिशेब आम्ही पाहिला आहे. हा हिशेब आम्हाला अन्यायाचा वाटतो. हिरवळ मागते ते कायम मागत राहते. बहावा मागतो ते तीन वर्षं मागतो.

तेव्हा लावायचं कसं ते पाहू. रोप लहान घ्यावं, एक-दोन फुटांचं. सहा फुटांचं मोठं रोप घेतलं की फुलं लवकर येतील या आशेने लोक पैसे मोजतात. पण पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि मातीत गेल्यावरही ते तसंच गोल फिरत राहण्याचा धोका असतो. पिशवी काढल्यावर तळाशी वेटोळं दिसलं तर तेवढं धारदार पात्याने कापून टाकावं. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. मुरमाड जमीन असेल तर खड्ड्यातली मातीच थोड्या कुजलेल्या शेणखतात मिसळून परत भरावी. नुसत्या खताने भरलेला खड्डा म्हणजे जमिनीतली कुंडीच. मुळं आरामात तिथेच बसतात. भारी काळ्या जमिनीत मात्र वेगळी काळजी: बहाव्याला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून तिथे थोडा उंचवटा करून त्यावर लावावं. जागा भर उन्हाची हवी. डोक्यावर विजेच्या तारा नकोत. गाडी उभी करण्याच्या जागेवरही नको, फूट-दीड फुटाच्या शेंगा पडतात.

पाण्याचं म्हणाल तर रोज तांब्याभर घालणं हे सर्वांत वाईट. त्याने वरची चार बोटं माती ओली होते आणि मुळं वरच राहतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पण बादलीभर, 15-20 लिटर, सावकाश मुरेल असं. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी. तिसऱ्यात महिन्यातून एकदा किंवा दोनदा, मात्र भरपूर. आळं दरवर्षी खोडापासून लांब सरकवत न्यावं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे बाहेर आणि खाली जातात. आळ्यात पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन, फक्त खोडाला चिकटू देऊ नये. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत. जमीन पाहून कमीजास्त करावेत. जिथे आठवड्यालाही कोणी जाणार नाही तिथे कच्च्या भाजणीचं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावं आणि वर झाकण घालावं. मडकं पाझरतं, मुळं त्याच्याशी येऊन भिडतात.

चौथ्या वर्षापासून हात आखडता घ्यायचा. इथे प्रेमळ माणसांची पंचाईत होते. उन्हाळा लागला की बहावा पानं गाळतो. घरातले घाबरतात, ‘झाड गेलं’ म्हणून नळी सोडतात. झाड गेलेलं नसतं. पानं गाळणं हीच त्याची काटकसर आहे. पानं नसली की बाष्पाचा खर्चच थांबतो. खात्री करायची असेल तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी, आत हिरवं दिसलं की स्वस्थ बसावं. बारमाही ओलाव्यातल्या बहाव्याला पानं भरपूर आणि घोस विरळ, असं बागांमधून अनेकदा दिसतं. बियांपासूनच्या झाडाला फुलायला पाच-सात वर्षं लागतात, कधी अधिकही. छाटणी करायचीच तर फुलोरा संपल्यावर, आणि तीही बेताने.

शेंगा येतात म्हणून तो जमिनीला नत्र देतो असं काही पुस्तिकांत छापलेलं असतं. ते खरं नाही. बहाव्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. पावसाळ्यात कोवळी पानं हिरव्या अळ्या खातात, त्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. औषध फवारू नये, झाड पुन्हा पालवतं. शेंगेतला गर रेचक आहे, म्हणून मुलांनी चाखू नये आणि मोठ्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी एक गोष्ट नेहमी विचारली जाते: बहावा फुलला की 45 दिवसांनी पाऊस येतो, हे खरं का? आता बघा, बहावा फुलतो एप्रिलपासून जूनपर्यंत, एकाच गल्लीत दोन झाडं पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने. मोजायचं कोणत्या झाडापासून? आणि मोसमी पाऊस आपल्याकडे बहुधा जूनमध्येच येतो. अर्धा एप्रिल उलटल्यावर कुठूनही 45 मोजा, पावसाच्या आसपासच पोचाल. दोन गोष्टी एकामागून एक येतात म्हणून पहिलीला दुसरीची बातमी असते असं नाही. तरीही ही समजूत हसण्यावारी नेऊ नये. फुललेला बहावा पाहून ज्याला बांधबंदिस्ती आठवली, त्याचं काम झालंच की.

तर ज्यांना यंदा रोपं करायची आहेत त्यांनी शेंगांवर आत्ताच लक्ष ठेवा. गेल्या उन्हाळ्यातल्या फुलांच्या शेंगा पिकायला जवळजवळ वर्ष घेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडावर काळ्या होऊन लोंबत असतात. हलवली की आतलं बी खुळखुळतं, ती शेंग घ्यायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलं तर पहिला पाऊस पडून जमीन मुरेपर्यंत रोप खड्ड्यात जाण्याजोगं होतं. पिशवी मात्र उभट आणि खोल घ्या, आणि एका पिशवीत दोन बिया टाका.