राउटरला हार्ड डिस्क जोडली की बॅकअप झाला का? महाड-पोलादपूरकरांनो, खरेदीआधी हे वाचा

महाड : २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री-गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. अशा वेळी फ्रीज जातो, फर्निचर जातं, ते पुन्हा घेता येतं. कॉम्प्युटरही नवा मिळतो. पण त्यातली टॅलीची उधारी, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, पोरांचे लहानपणीचे फोटो कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

आता बऱ्याच गावांत फायबरचं कनेक्शन आलंय. एकाच घरात शाळेचा, कामाचा, दुकानाचा असे दोन-तीन लॅपटॉप दिसतात. मग सगळ्यांचा बॅकअप राउटरमार्फत एकाच जागी घ्यावा का? घेता येतो. वायफायच्या आत चालणाऱ्या या कामाला इंटरनेटचा डेटा लागत नाही. रस्त्याच्या कामात फायबरची केबल तुटून नेट चार दिवस बंद असलं तरी घरातल्या घरात बॅकअप चालतो. वीज मात्र हवी.

स्वस्तातला मार्ग म्हणजे राउटरच्या यूएसबी पोर्टला साधी हार्ड डिस्क लावायची. पोर्ट दिसतो म्हणून फाइल शेअरिंग चालेलच असं नाही, हे आधी तपासावं. राउटरच्या खाली स्टिकरवर जो पत्ता आणि पासवर्ड असतो, त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी स्टोरेज' किंवा 'सांबा' असं काही आहे का ते बघा. जुने राउटर शेअरिंगची जुनी पद्धत वापरतात. ती असुरक्षित ठरल्यामुळे नव्या विंडोजमध्ये बंद असते, त्यामुळे डिस्क लावूनही दिसत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरमध्ये ती पद्धत चालू करून देणारे व्हिडिओ सापडतात. ते करू नका, त्यापेक्षा राउटर बदललेला बरा. डिस्क एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो.

वेगाचंही बघा. राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर १०० जीबी जायला अडीच तास तरी लागतात, आणि वायफायवर भिंतीआड त्याहून जास्त. पहिला बॅकअप केबल लावून रात्री सोडून द्यावा. नंतर फक्त बदललेल्या फाइली जातात, ते पटकन होतं.

दुसरा मार्ग 'नॅस'. ही डिस्क बसवायची पेटीच असते, तिच्यात स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो आणि ती केबलने राउटरला जोडतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांच्या पेट्या मिळतात. डिस्क बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते, म्हणजे खर्च दोनदा. फोटो स्टुडिओ किंवा चार-पाच कॉम्प्युटरचं ऑफिस असेल तर पैसे वसूल होतात. घरच्या दोन लॅपटॉपला राउटरची डिस्क पुरते. आणि लॅपटॉप एकच असेल तर यातलं काहीच नको, शनिवारी डिस्क थेट लावा आणि काढून कपाटात ठेवा.

दोन डिस्कच्या पेटीबद्दल दुकानदार सांगतात, एक गेली तरी दुसरी आहे. खरं आहे, पण ते डिस्क बिघडण्यापुरतं. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हींतून त्याच क्षणी उडतो. म्हणून विंडोजमधल्या 'फाइल हिस्टरी'सारखी सोय वापरावी, त्यात फाइलच्या जुन्या आवृत्त्या राहतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस नेटवर्कवरच्या डिस्कपर्यंतही पोचतात. २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या अशाच व्हायरसने इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या नॅस पेट्यांवर जगभर हल्ले केले. बाहेरून डिस्क उघडायची सोय बंदच ठेवा आणि आलेला पासवर्ड बदला.

आपल्याकडे दोन गोष्टी जास्त बघायच्या. वीज : डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइली खराब होतात, म्हणून राउटर आणि डिस्क दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लगसकट केबलही काढायच्या. दुसरी गोष्ट जागा : महाडात राउटर तळमजल्यावर असेल तर डिस्क वरच्या मजल्यावर न्या, केबल लांब घ्यावी लागली तरी चालेल.

पण २०२१ ला पोलादपूर तालुक्यात आणि तळियेत दरडी आल्या, तिथे वरचा मजला काय करणार? म्हणून एक प्रत गावाबाहेर हवीच. हिशेब आणि कागद थोडेच असतात, ते ऑनलाइन जागेत ठेवता येतात, गुगल १५ जीबी फुकट देतं. २०० जीबी फोटो मात्र ३० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला १५ तास लागतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे दोन डिस्क घ्या. गणपतीला आलेला मुंबईकर भाऊ एक भरलेली डिस्क घेऊन जाईल आणि शिमग्याला येताना ती परत आणेल. तेव्हा त्याच्या हाती दुसरी, ताजी डिस्क द्यायची. नेण्याआधी डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून दोन-चार फोटो आणि टॅलीची एक फाइल उघडते का, एवढं बघून घ्या.