बहुविकलांग मुले आणि कपाटातील साधने

भांडवली वस्तूचे मूल्य तिच्या खरेदीच्या किमतीवर नव्हे, तर तिच्यापासून मिळणाऱ्या सेवेवर ठरते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. बंद पडलेले यंत्र म्हणजे निव्वळ लोखंड. बहुविकलांग मुलांना दिल्या जाणाऱ्या सहाय्यक साधनांना मात्र ही कसोटी आपण क्वचितच लावतो.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती होत्या; त्यांपैकी सुमारे 21 लाखांना एकाहून अधिक अपंगत्वे होती. अशा अपंगत्वांची केवळ बेरीज होत नाही. अंध मुलाला ब्रेल पाटी तारते. पण त्यालाच सेरेब्रल पाल्सी असेल, तर लिहिण्याची टोचणी बोटांत ठरत नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा पुरते. दृष्टीही नसेल, तर तीच भाषा हातांच्या स्पर्शाने द्यावी लागते. तयार साधन या मुलांना सहसा जसेच्या तसे चालत नाही.

पालक आणि शिक्षक यांच्यातील मतभेदाचे मूळ येथेच आहे. चित्रफलक किंवा बोलके यंत्र हाती दिले तर मूल कधीच बोलणार नाही, अशी धास्ती अनेक पालकांना वाटते. ती मायेपोटी असली तरी निराधार आहे. अशा साधनांनी वाचा खुंटते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. शिक्षकाची अडचण निराळी. वर्ग भरलेला, प्रशिक्षण अपुरे आणि साधन मोडल्यास जबाबदारी कोणाची, हे अनिश्चित. साहजिकच साधन कुलपात जाते. शाळेत वापर होत नाही, असे पालक म्हणतात. घरी सराव होत नाही, असे शिक्षक म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. कानपूरला कृत्रिम अवयव निर्माण करणारे सरकारी निगम 1972 मध्ये स्थापन झाले. साधने पुरवण्याची केंद्रीय योजना 1981 मध्ये आली. 2016 च्या कायद्याने बहुविकलांगतेची स्वतंत्र नोंद घेतली. परंतु हिशेब ठेवला जातो तो प्रामुख्याने वाटलेल्या नगांचा. मूल वाढते, चाकाची खुर्ची वाढत नाही. विजेरी उतरते, पट्टा तुटतो. घसारा आणि दुरुस्ती यांची तरतूद न करणारा कारखाना वर्षभरात डबघाईला येईल.

तेव्हा साधनाच्या किमतीबरोबरच दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांसाठी रक्कम राखून ठेवली पाहिजे. पालक आणि शिक्षक यांना एकाच साधनावर, एकत्र बसवून शिकवले पाहिजे. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याची पसंती विचारली पाहिजे; ती त्याने नजरेने सांगितली तरी ती पसंतीच होय.

साधन शाळेच्या मालकीचे की घराच्या, हा वाद निरर्थक आहे. शाळा सुटताना चित्रफलक कपाटात ठेवला गेला, की दुसऱ्या दिवशी घंटा होईपर्यंत त्या मुलाची वाचाही कपाटातच राहते.