वांग्याचे भरीत आणि शंभर अंश

थंडीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या घरात संध्याकाळी डोकावलात, तर चुलीतल्या निखाऱ्यांवर वांगे भाजत ठेवलेले आणि वर तव्यावर मूठभर शेंगदाणे परतत असलेले दिसण्याचा पुष्कळ संभव आहे. थोड्या वेळाने पाहावे, तर वांग्याची साल कोळशासारखी काळी झालेली असते, आतला गर मात्र पांढरट आणि लोण्यासारखा मऊ. दाण्याचे उलटे! तो आतपर्यंत तांबूस, खरपूस आणि कुरकुरीत. चूल एक, क्रियेचे नावही एकच, ‘भाजणे’. मग परिणाम इतके निराळे का?

याचे उत्तर पाण्यात आहे.

वांग्याच्या १०० ग्रॅम वजनात सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असते. पाणी उकळू लागले की खालचा जाळ कितीही वाढवा, त्याचे तापमान वाढत नाही. दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ही अप्रकट उष्णता ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी असते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. आता तिचा हिशेब चुलीपाशी करून पाहू. समजा, ४०० ग्रॅमचे वांगे आहे आणि ते २५ अंश सेल्सिअसपासून ९८ अंशांपर्यंत तापवायचे आहे. सोयीसाठी ते सगळे पाणीच मानले, तर ४०० × ७३ म्हणजे सुमारे २९ हजार कॅलरी लागतील. भाजताना त्यातले ६० ग्रॅम पाणी उडून गेले असे धरा. तेवढ्याला ६० × ५४० म्हणजे ३२ हजारांहून अधिक कॅलरी! सबंध वांगे तापवण्यापेक्षा त्यातले थोडे पाणी उडवायला जास्त उष्णता लागली. म्हणून गरात पाणी आहे तोवर त्याचे तापमान उत्कलनबिंदूच्या वर चढूच शकत नाही. खरे पाहता वांग्याचा गर ‘भाजत’ नाही. तो स्वतःच्याच वाफेत शिजतो. साल पातळ असते, तिच्यातले पाणी लवकर संपते. मग तिला आवरणारे कोणी उरत नाही, तिचे तापमान दोनशे-तीनशे अंशांपर्यंत चढते आणि ती जळते. भरिताला जो खास वास येतो, तो या जळत्या सालीकडून तिच्या लगतच्या गराला मिळालेला असतो.

मी वर उत्कलनबिंदू ९८ अंश धरला, तो मुद्दाम. शंभर अंश हा आकडा समुद्रसपाटीचा. उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. नीरेकाठचे भोर सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. वेल्ह्याच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा १४०३ मीटर उंच आहे. गडाच्या माथ्यावर पाणी ९५ अंशांच्या थोडे वरच उकळू लागते. वांग्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून धरणारे पेक्टिन साधारण ८५ अंशांच्या पुढे भराभर सैल होते, त्यामुळे गडावरही वांगे मऊ होतेच, फक्त थोडा जास्त वेळ घेते. सालीच्या जळण्याला आणि दाण्याच्या खरपूसपणाला या उंचीने काहीच फरक पडत नाही, कारण तेथे पाण्याचे राज्य संपलेले असते. गडावर रात्री भात कच्चा राहिला की मुले लगेच हवेच्या दाबाला दोष देतात. दाबाचा त्यात वाटा असतो, नाही असे नाही. पण ओली लाकडे आणि भणाणता वारा यांचा वाटा बहुधा मोठा असतो.

वांग्याची आणखी एक गंमत आहे. कच्चे वांगे पाण्यात टाकले तर तरंगते. म्हणजे पाण्याने इतके भरलेले असूनही त्याच्या गरात हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात. तो स्पंजच म्हणा ना. हवा उष्णतेची मंदवाहक, म्हणून सुरुवातीला उष्णता आत सरकायला वेळ घेते. बाहेरून काळे झालेले वांगे घाईने उतरवले, तर देठाजवळ ते हमखास कच्चे निघते. पुढे पेशी ढासळतात, पोकळ्यांत रस शिरतो, वहन सुधारते आणि वांगे पाहता पाहता खाली बसते. भाजल्यावर दाबून हवा काढलेला गराचा तुकडा पाण्यात टाकून पाहा आणि कच्च्या तुकड्याशी तुलना करा.

निखारा चांगला की ज्वाळा? माझे मत निखाऱ्याच्या बाजूने आहे. निखाऱ्यांतून उष्णता मुख्यतः प्रारणाने येते, ती स्थिर असते आणि वांगे फिरवत राहिले की सगळीकडून सारखी लागते. लाकडाची पिवळी ज्वाळा वाऱ्याबरोबर हलते आणि काजळी चिकटवते. गॅसची निळी ज्वाळा काजळी धरत नाही, पण तिच्यावर वांगे दर मिनिटाला वळवावे लागते.

मात्र, विस्तवावर ठेवण्यापूर्वी वांग्याला सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी खोल टोचे मारलेच पाहिजेत. यात हयगय नको. एक घनसेंटिमीटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे घनसेंटिमीटर जागा मागते. वांग्याची साल गुळगुळीत, मेणचट आणि वाफेला वाट न देणारी. आतला दाब वाढत जाऊन वांगे फुटले, तर उकळता गर तोंडावर उडतो. टोचे मारताना आत कीड आहे का तेही कळते. त्याच चिरांत लसणाच्या चार पाकळ्या खोचून द्या, त्या वाफेवर आयत्या शिजतात.

वांगे उतरवले की ते ताटाखाली पाच मिनिटे झाकून ठेवा. बाहेर पडणारी वाफ सालीखाली आणि ताटाला लागून थिजते, थिजताना ग्रॅममागे तीच ५४० कॅलरी उष्णता परत देते आणि साल सुटी होते. मघाशी खर्च झालेली उष्णता अशी थोडी वसूल होते! साल काढताना वांगे नळाखाली धरू नका, वासाचा सगळा रस धुऊन जाईल. बोटे पाण्यात बुडवून साल सोलावी. कोळसा झालेले तुकडे मात्र गरात राहू देऊ नयेत. जळक्या पदार्थांत आरोग्याला घातक अशी संयुगे असतात.

आता दाण्यांकडे वळू. शेंगदाण्यात पाणी शेकडा पाच-सहाच असते, तेल मात्र जवळजवळ निम्मे आणि प्रथिने सुमारे पाव हिस्सा. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम दाण्यांत पाणी जेमतेम ३ ग्रॅम. ते उडवायला १६०० कॅलरी पुरतात. तेवढे झाले की दाण्याचे तापमान शंभर अंश ओलांडून झपाट्याने वर जाते. साधारण १४० अंशांच्या पुढे दाण्यातली शर्करा आणि प्रथिनांमधली अमिनो आम्ले यांची अभिक्रिया वेगाने होऊ लागते. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, खरपूस दाणा यांचा रंग आणि दरवळ बहुतांशी तिचाच. वांग्याच्या ओल्या गरात ती का होत नाही, हे आता सांगायला नको.

दाणे मंद आचेवर, सतत हलवत भाजायचे. आच मोठी ठेवली तर टरफल करपते आणि मध्य कच्चा राहतो. भडभुंजा तापलेल्या वाळूत दाणे भाजतो, कारण वाळू दाण्याला चहूबाजूंनी टेकते. तवा त्याला एकाच ठिकाणी टेकतो. दाणा मधोमध फोडून आतला रंग पाहावा आणि हवा त्यापेक्षा किंचित फिका असतानाच तवा उतरवून दाणे ताटात पसरावेत. दाण्यात साठलेली उष्णता पुढचे काम करते.

पण भाजण्यापूर्वी एक गोष्ट केलीच पाहिजे, आणि या लेखात सर्वांत महत्त्वाची तीच आहे. दाणे ताटात पसरून नीट निवडा. सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला दाणा फेकून द्या. शेंगा ओलसर राहिल्या तर त्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड दोषी ठरली आणि या विषाचा पत्ता लागला. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, तेथेही हेच विष होते. ‘भाजले की सगळे जंतू मरतात, मग भीती कसली?’ असे पुष्कळांना वाटते. बुरशी मरते हे खरे; विष उरते. ते पुरते मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि एवढ्यात दाण्याचा कोळसा होईल. भाजण्याने ते काही अंशी घटते, संपत नाही. शिवाय भाजल्यावर सगळेच दाणे तांबूस दिसतात, मग वाईट दाणा ओळखणार कसा? म्हणून निवडायचे ते आधी. खाताना कडवट लागलेला दाणा गिळू नका, थुंकून टाका. शेंगा घरी साठवायच्या असतील तर कानाशी हलवल्यावर आत दाणा खुळखुळेपर्यंत उन्हात वाळवाव्यात.

शिक्षकांना एक सूचना. वांगे भाजण्यापूर्वी आणि नंतर तराजूवर तोलून मुलांना गेलेल्या पाण्याचा आणि उष्णतेचा हिशेब करायला लावा. प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक मात्र खाण्याच्या वांग्यात खुपसू नका. धातूच्या टोकाचा, स्वयंपाकासाठी मिळणारा तापमापक वापरा. भोरच्या शाळेत काटा ९८ च्या आसपास कसा अडून बसतो, ते सर्वांना दिसेल.

तोलून झाले की भरीत करून टाका. दोन-तीन हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर भाजून शिजलेल्या लसणीबरोबर आणि मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचा. त्यात गर मळा, वर बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घाला. दाण्यांची टरफले पाखडून जाडसर कूट करा आणि ते अगदी पाने वाढताना मिसळा. आधी मिसळले तर कोरडे कूट गरातले पाणी शोषून घेते आणि तव्यावर घालवलेला ओलावा पुन्हा दाण्यात शिरतो. वेल्ह्याकडे सोबत तांदळाची किंवा नाचणीची भाकरी असते, भोरच्या पूर्वेला बाजरीची.