देवळातलं कुंड आणि कायदा

आपल्या चेन्नईतच राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं मुख्यालय आहे. पण अण्णा नगरातून सुट्टीला गावी जाणाऱ्यांनो, या कायद्याची सुरुवात तुमच्या ग्रामपंचायतीपासून होते.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीचंच बघा. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी देऊळ आहे, देवळापाशी कुंड. त्या कुंडात माशाची नवी जात सापडली आणि २०२० मध्ये तिचं नाव ठरलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. इतक्या छोट्या जागेतली जात नुसत्या मासेमारीनंही संपू शकते. म्हणून २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती जागा ‘जैविक वारसा स्थळ’ जाहीर केली.

आधार कोणता? जैवविविधता कायदा, २००२, कलम ३७. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. सरकारनं स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करायची. आणि अशा घोषणेमुळे कुणाच्या पोटावर पाय आला, तर भरपाईची किंवा पुनर्वसनाची योजना आखायची.

कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. गावातली झाडं, प्राणी, बियाणं आणि त्यांची पारंपरिक माहिती लोकांच्या नोंदवहीत उतरवायचं काम तिचं.

यंदा गावी गेलात की देवराईला नमस्कार कराच, पण पंचायतीत जाऊन विचारा: आपली नोंदवही कुठे आहे? त्यात आपली देवराई आहे का?