आलेफ : अक्षरात बसलेला बैल

आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'अ अननसाचा' असतो. उद्या अननस काढून तिथे अडकित्ता आणला, तरी 'अ'चे काही बिघडणार नाही. हिब्रूचे तसे नाही. तिथल्या पहिल्या अक्षराचे नाव 'आलेफ', आणि त्या नावाच्या पोटातच बैल बसलेला आहे.

बायबलच्या हिब्रूत बैलाला नेहमीचा शब्द 'शोर'. त्याखेरीज 'एलेफ' असा एक जुना शब्द आहे. तो बहुधा अनेकवचनात, 'अलाफीम' असा, अनुवाद आणि नीतिसूत्रे या पुस्तकांत भेटतो. अक्कादी भाषेत बैलाला 'अल्पू' म्हणत, म्हणजे हा शब्द त्या सगळ्या भाषाकुळाचा. गंमत अशी की, 'एलेफ' म्हणजे हजारही.

या बैलाचा अक्षराशी संबंध कसा आला? १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री यांना सिनाईतल्या सेराबित अल-खादिम या ठिकाणी, पिरोजाच्या प्राचीन खाणींजवळ, दगडांवर कोरलेली काही चिन्हे सापडली. १९१६ मध्ये अ‍ॅलन गार्डिनर यांनी त्यांचे मर्म उलगडले. युक्ती साधी होती. जो ध्वनी लिहायचा, त्याने सुरू होणाऱ्या वस्तूचे चित्र काढायचे. घशातल्या एका हलक्या अटकावासाठी बैलाचे शिंगांसह डोके, 'ब'साठी 'बेत' म्हणजे घर. पुढे फिनिशियन लोकांच्या हाती हे डोके आडवे झाले. ग्रीकांना तो घशातला ध्वनी नको होता. त्यांनी ते चिन्ह स्वराला दिले आणि 'आल्फा' म्हटले. इंग्रजीतला मोठा 'ए' उलटा धरून पाहा, दोन्ही शिंगे अजून दिसतील.

यहुदी परंपरेने या अक्षरात आणखी पुष्कळ पाहिले. आलेफची किंमत १. त्याच्या आकृतीत दोन 'योद' आणि मध्ये तिरका 'वाव' दिसतो, म्हणजे १० + १० + ६ = २६; आणि ईश्वराच्या चार अक्षरी नामाची बेरीजही २६. 'एमेत' म्हणजे सत्य. त्यातला आलेफ पुसला की उरते 'मेत', म्हणजे मेलेला. मातीच्या गोलेमला याच अक्षराने जिवंत केल्याची आणि ते पुसून निर्जीव केल्याची कथा प्रसिद्ध आहे.

हे सारे मी व्याख्यानांतून रंगवून सांगत असे. शेवटी एक हुकमी वाक्य होते: 'आव' म्हणजे बाप, आलेफ आणि बेत, बैल आणि घर, म्हणून बाप म्हणजे घराचे बळ! टाळ्या ठरलेल्या.

एकदा अलिबागला व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध बेने इस्राएली गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "मास्तर, छान बोललात. पण माणसं बापाला हाक मारायला लागली, ती अक्षरं काढल्यावर का?"

मी निरुत्तर झालो. त्यांचा प्रश्न अचूक होता. अक्कादीतही बापाला 'अबू' म्हणतात, आणि ती भाषा कीलाकार लिपीत लिहिली जाई. तिच्यात ना आलेफ, ना बेत. शब्द आधीचा, अक्षरे नंतरची. चित्रांवरून शब्दाचा अर्थ काढणे म्हणजे नातवाच्या तोंडावळ्यावरून आजोबांचे नाव ठरवणे. अक्षरांची प्रतीके खोटी नव्हेत. ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या चिंतनाची साक्ष आहेत. पण त्यांना व्युत्पत्ती म्हणू नये. त्या दिवसापासून ते वाक्य मी सोडून दिले.

आजोबा मला घरी घेऊन गेले. चहा घेताना म्हणाले, "बैलाचंच सांगायचं तर आमचं सांगा. माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडलेला असायचा." कोकणात बेने इस्राएलांना 'शनवार तेली' म्हणत, ते याचमुळे. तोरात शब्बाथची आज्ञा माणसापुरती नाही. विसाव्याच्या त्या यादीत बैलाचे नाव स्पष्ट आहे. तिथे शब्द 'शोर' आहे, 'एलेफ' नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

किनाऱ्यावरची ही माणसे हिब्रू जवळपास विसरली होती. १८३२ साली जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, तेव्हा अनेकांना आलेफ नव्याने गिरवावा लागला असेल. पण अक्षर विसरले तरी बैलाची सुट्टी ते विसरले नव्हते.

आपण 'घाण्याचा बैल' म्हणतो तो कधीच न सुटणाऱ्यासाठी. त्या घाण्याचा बैल मात्र आठवड्यातून एक दिवस सुटत होता. आलेफचा अर्थ कुणी विचारला, तर हल्ली मी आधी सिनाईतले चित्र दाखवतो, मग २६ ची बेरीज सांगतो, आणि शेवटी हा घाणा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)