जांभळाची पावडर सुरू केली म्हणून शुगरची गोळी बंद करू नका

जून महिना आला की त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागातली जांभळं नाशिकच्या बाजारात येतात. आपल्या अनेक घरांत जांभळाच्या बिया फेकत नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून त्यांची पावडर करतात आणि शुगर असलेल्या अब्बांना किंवा दादीला सकाळी चमचाभर देतात. यात वाईट काही नाही. घात तेव्हा होतो, जेव्हा पावडर सुरू होते आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद होते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक मोहल्ल्याचा आहे.

जांभूळ खरंच काम करतं का?

प्रयोगशाळेत उंदरांना बियांचा अर्क दिल्यावर त्यांची साखर कमी झालेली दिसली आहे. पण माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा देऊन माणसांवर चाचणी झाली, तेव्हा साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही. शिवाय घरच्या चमच्यात औषधी द्रव्य किती, हे कुणालाच ठाऊक नसतं. गोळीत ते मोजून घातलेलं असतं.

फळाची गोष्ट वेगळी. जांभूळ किंवा पेरू अख्खा खाल्ला तर त्यातल्या चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. त्याचाच रस काढून गाळला की चोथा जातो आणि साखर उरते. म्हणून इफ्तारला ग्लासभर रसापेक्षा पेरूच्या दोन फोडी बऱ्या.

वजन कमी करणाऱ्या कॅप्सूल

‘गार्सिनिया’ नावाच्या कॅप्सूल सध्या खूप विकल्या जातात. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकणातल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. या फळांच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल शरीरात चरबी तयार होण्याची क्रिया अडवतं, असा दावा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ लठ्ठ लोकांवर १२ आठवडे याची चाचणी झाली. खरी कॅप्सूल घेणारे आणि नुसती दिखाऊ कॅप्सूल घेणारे, यांच्या वजनात फरक पडला नाही. उलट अशा कॅप्सूल घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे. आमटीतलं कोकम बिनधास्त खा. पण त्याचा दाट अर्क रोज पोटात घालणं ही वेगळी गोष्ट आहे.

किडनीचा त्रास असलेल्यांनी कमरखाच्या रसापासून दूरच राहावं. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकली नाही, तर मेंदूवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. मधुमेहात किडनी खराब होण्याचा धोका असतोच, म्हणून हे लक्षात ठेवा.

घेण्याआधी हे बघा

- डबीवर एफएसएसएआय किंवा आयुष परवान्याचा नंबर आहे का? बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत शुगरच्या अॅलोपॅथिक गोळ्या कुटून मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत.
- कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असेल, तर ते जनावराचं असतं. हलाल आहे की नाही, याची खात्री करा.
- गोळी आणि पावडर दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. साखर एकदम उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. रोज्यात असं झालं तर रोजा सोडून लगेच गोड काहीतरी घ्या. जीव वाचवण्यासाठी रोजा सोडण्याची मुभा शरीअतने दिलेली आहे.
- दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासा. पावडरीचा खरा हिशोब तिथेच कळतो. तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते.

वनस्पतीतून औषध मिळतंच. शुगरची सगळ्यात जास्त लिहून दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळीसुद्धा एका झुडपाच्या अभ्यासातूनच पुढे आली. पण त्यामागे अनेक वर्षांच्या चाचण्या आहेत. आजारावर इलाज करा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. दुआ करा, जांभळंही खा, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.