बाथरूमची ओल : टाइल्स फोडण्याआधी पाण्याची वाट शोधा

आजचा प्रश्न वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीहून आलाय. बाथरूमला टाइल्स लावल्या, पण पलीकडच्या खोलीत भिंतीच्या रंगाला पोपडे आलेत, पांढरा खार फुटलाय. मिस्त्री म्हणतो, सगळं फोडावं लागेल. फोडायचं का?

आत्ताच नको. आधी एक काम करा. ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड किंवा गीझरचा पॉइंट असेल, तर त्याची लाइन मेनवरून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. रंग नंतरही देता येतो, शॉक लागला तर जिवावर बेतेल.

आता मुद्दा असा की टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, पण दोन टाइल्समधला पांढरा सिमेंट पितो. पाणी खरं अडवायचं असतं टाइल्सच्या मागच्या थराने. तो थर नसेल, किंवा मिस्त्रीने मसाल्याचे चार गोळे लावून टाइल चिकटवली असेल, तर मागच्या पोकळीत पाणी साचतं. नाण्याने टकटक करून बघा, पोकळ आवाज लगेच कळतो.

आपल्या भागात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर घरही थोडं हलतं आणि भिंत-फरशीचा कोपरा उघडतो. तिथे कितीही वेळा पांढरा सिमेंट भरा, पुन्हा तडकणारच. तो कोपरा खरवडून, पूर्ण वाळवून, लवचिक सॅनिटरी सिलिकॉनने भरायचा.

पण पाणी तिथूनच जातंय कशावरून? तीन चाचण्या करा. दोन चाचण्यांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि पेन्सिलने ओलीची कड आखून ठेवा.

पहिली, पाइपची. रात्री सगळे नळ आणि फ्लशचा कॉक बंद करा, टाकीत येणारं पाणीही बंद. टाकीतल्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली, तर आधी प्लंबर बोलवा. टाइल्सना हात लावू नका.

दुसरी, फरशीची. नहाणी ट्रॅप प्लास्टिक आणि कापडाने घट्ट बंद करा. उंबऱ्याच्या खाली राहील इतकं पाणी भरा आणि 24 तास ठेवा. थोडं पाणी हवेत उडतं, पण पातळी चांगलीच उतरली किंवा ओल पेन्सिलच्या पुढे गेली, तर फरशी गळतेय. पातळी टिकली, पण पाणी सोडल्यावर ओल वाढली, तर दोष ट्रॅपच्या जोडात किंवा खालच्या पाइपमध्ये.

तिसरी, भिंतीची. शॉवरचं पाणी फक्त भिंतीवर मारा. ओल वाढली तर सांधे आणि नळाच्या बुडाची फट तपासा.

तिन्हींत काही सापडलं नाही? मग ओल कधी आणि कुठे येते ते बघा. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. घरातल्या सगळ्याच भिंतींना खालून चढत असेल तर जमिनीतलं पाणी. छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर बहुतेक वाफ. खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा.

आणि फरशीच गळत असेल, तर मात्र फोडावीच लागेल. तेव्हा एक अट घाला : वॉटरप्रूफिंगचे थर फरशीवरून भिंतीवर किमान फूटभर चढवायचे, शॉवरच्या भिंतीला शॉवरच्या उंचीपर्यंत. ते वाळले की टाइल्स बसवण्याआधी पुन्हा 24 तास पाणी भरून ठेवायचं. पातळी टिकली तरच टाइल्स. मिस्त्रीला घाई असली तरी हा एक दिवस सोडू नका.

खोलीतली भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी मारू नका, नाहीतर पुन्हा पोपडे. भेटू पुढच्या भागात!